बारा आसनांचा घुमट

वॉशिंग्टन पाहायला जाणाऱ्याने पायात मऊ बूट घालावेत आणि सोबत पाण्याची बाटली ठेवावी. खिशात फारसे पैसे नसले तरी चालते. न्यूयॉर्कसारख्या आभाळाला भिडणाऱ्या इमारती येथे नाहीत, कारण इमारतींच्या उंचीवर कायद्यानेच मर्यादा घातली आहे. कॅपिटॉलपासून लिंकन स्मारकापर्यंत सुमारे दोन मैलांची हिरवळ पसरली आहे. तिला नॅशनल मॉल म्हणतात, पण दुकान एकही नाही. दोन्ही बाजूंना संग्रहालयांची रांग आहे आणि बहुतेक ठिकाणी तिकीट नाही.

ही रांग उभी राहिली ती एका इंग्रज माणसाच्या पैशाने. जेम्स स्मिथसन हे रसायनशास्त्रज्ञ १८२९ साली वारले. अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते. मृत्युपत्रात मात्र लिहून ठेवले होते की पुतण्या निपुत्रिक गेला तर सगळी संपत्ती अमेरिकेला द्यावी आणि तिच्यातून वॉशिंग्टनमध्ये ज्ञान वाढवणारी व पसरवणारी संस्था काढावी. पुतण्या तसाच वारला. एक लाखाहून अधिक सोन्याची नाणी जहाजाने आली. मग अमेरिकेच्या काँग्रेसने बरीच वर्षे वाद घातला की ज्ञान म्हणजे नेमके काय. अखेर १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर हा वक्फच, फक्त मुतवल्ली म्हणून सरकार बसले.

कोकणातल्या एका हायस्कूलात तीस वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. २०२५च्या जून महिन्यात भाचीकडे गेलो होतो. ती वॉशिंग्टनच्या शेजारी मेरीलँडमध्ये राहते आणि पेशींवर संशोधन करते. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "मामू, अमेरिकेत सध्या विज्ञान कुठे आहे ते बघायचं असेल, तर लवकर बघून घ्या." ती हसत होती, म्हणून मीही हसलो.

सुरुवात आम्ही काँग्रेसच्या ग्रंथालयापासून केली. १८१४ साली ब्रिटिश सैन्याने कॅपिटॉल जाळले, त्यात आतली पुस्तकेही गेली. तेव्हा माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आपला ६,४८७ पुस्तकांचा संग्रह सरकारला विकला. त्या संग्रहात कुरआनच्या इंग्रजी अनुवादाची एक प्रत होती. जेफरसन यांनी ती १७६५ मध्ये, कायद्याचे शिक्षण घेत असताना, विकत घेतली होती. पुढे १८५१च्या आगीत त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला, पण ही प्रत वाचली. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी २००७ साली याच प्रतीवर हात ठेवून शपथविधीचा समारंभ केला.

ग्रंथालयाची मुख्य इमारत १८९७ची. वाचनालयाच्या डोक्यावर मोठा घुमट आहे. पर्यटक वरच्या गॅलरीत उभे राहतात आणि खाली माणसे गोलाकार टेबलांशी वाचत बसलेली दिसतात. मान वर केली की घुमटाच्या कड्यावर बारा आकृत्या दिसतात. एडविन ब्लॅशफील्ड या चित्रकाराने मानवी संस्कृतीचा प्रवास येथे रंगवला आहे. प्रत्येक देशाला किंवा युगाला एक आसन, आणि त्याने जगाला काय दिले ते खाली लिहिलेले. इजिप्तने लेखन दिले, ग्रीसने तत्त्वज्ञान, रोमने राज्यकारभार. पाचव्या आसनावर इस्लाम आहे आणि त्याखाली लिहिले आहे, पदार्थविज्ञान. त्या आकृतीच्या हातात गणिताचा ग्रंथ असून पाय काचेच्या रसायनपात्रावर टेकला आहे. पुढे जर्मनीकडे मुद्रणकला, इंग्लंडकडे साहित्य, आणि बाराव्या आसनावर खुद्द अमेरिका. तिच्या खाली लिहिले आहे, विज्ञान. ती आकृती कामगाराच्या वेशात, विजेच्या यंत्रासमोर, विचारात गढून बसली आहे. चेहरा अब्राहम लिंकन यांच्यावरून घेतलेला.

बाराव्या आसनाला लागून पुन्हा पहिले, इजिप्तचे. कड्याला शेवट नसतो. या बारांपैकी अकरा जणांची पाळी होऊन गेली, असेच चित्रकाराला म्हणायचे असणार. बाराव्याला ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे.

या ग्रंथालयाच्या प्रमुख कार्ला हेडन यांना मे २०२५ मध्ये अध्यक्षांनी एका ईमेलने काढून टाकले. मुलांसाठी अयोग्य पुस्तके ग्रंथालयात ठेवली, असे एक कारण व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी सांगितले. येथे वाचकपत्रिका मिळायला वय किमान सोळा लागते आणि सामान्य वाचकाला पुस्तक घरी नेता येत नाही. मुलांना बिघडवायला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडणार नाही.

अशा गोष्टींवर अमेरिकेतले लोक हसतात. संध्याकाळी भाचीकडे तिचे प्रयोगशाळेतले मित्र जमत. कोणी केरळचा, कोणी नायजेरियाची, कोणी ओहायोचा. जेवताना विनोदांची स्पर्धा चाले. फेब्रुवारीत अध्यक्षांनी कागदी स्ट्रॉ सरकारी कार्यालयांतून हद्दपार करण्याचा आदेश काढला. एप्रिलमध्ये न्हाणीघरातल्या शॉवरला पाण्याचा जोर वाढावा म्हणून दुसरा आदेश निघाला. ओहायोचा मुलगा म्हणाला, "कर्करोगाचे अनुदान थांबले आहे, पण आंघोळ झकास होते." २०१९ मधले नकाशाचे प्रकरणही निघाले. डोरियन चक्रीवादळ अलाबामा राज्यालाही धोक्याचे आहे असे अध्यक्ष म्हणाले होते. हवामान खात्याने तसे नाही म्हटले. काही दिवसांनी व्हाइट हाउसमध्ये जो नकाशा दाखवला गेला, त्यावर काळ्या मार्करने वादळाची हद्द अलाबामापर्यंत वाढवलेली होती. वादळाने मात्र तो नकाशा पाहिला नाही. ते आपल्या वाटेने गेले.

मला सर्वांत जास्त हसू आले ते आरोग्य खात्याच्या अहवालाचे. मुलांच्या आजारांवरचा हा अहवाल मे २०२५ मध्ये वाजतगाजत प्रसिद्ध झाला आणि पत्रकारांनी तपासले तेव्हा त्यातले काही आधारभूत शोधनिबंध अस्तित्वातच नसल्याचे आढळले. न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणे वहीत लिहिणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटत. त्यांची वही मी परत देत असे. त्यांतले काही पुढे मोठे झाले, पण मंत्रालयापर्यंत कोणी पोचल्याचे ऐकिवात नाही.

रात्री पाहुणे गेल्यावर भाची भांडी घासता घासता म्हणाली, "मामू, आम्ही हसतो, कारण दुसरं काही करता येत नाही." तिला ज्या जागेचा शब्द मिळाला होता, ती भरती गोठवण्यात आली होती. सध्याचा करार सप्टेंबरला संपत होता. तीन वर्षे वाढवलेल्या पेशी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या. फ्रीजचे वीजबिल कोण भरणार, हा प्रश्नच होता.

हे वीजबिलाचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. संशोधनाला अनुदान देताना सरकार प्रयोगाच्या खर्चाखेरीज इमारत, वीज, सुरक्षा, हिशेबनीस यांसाठी वेगळी रक्कम देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका आदेशाने ही वरची रक्कम सरसकट पंधरा टक्क्यांवर आणायचे ठरले. विद्यापीठे कोर्टात गेली आणि कोर्टाने ते अडवले. एखाद्याने लग्नघरी सांगावे की तांदूळ आणि मटणाचे पैसे देतो, पण डेग, लाकडे आणि बावर्ची तुमचे तुम्ही बघा. बिर्याणी कशी होणार? काही विद्यापीठांचा वरखर्च फार फुगला होता, ही तक्रारही खोटी नाही. पण फुगलेले बिल तपासणे वेगळे आणि चूल विझवणे वेगळे.

पुढच्या आठवड्यात मेट्रोच्या रेड लाइनने आम्ही बेथेस्डाला गेलो. मेडिकल सेंटर स्टेशनचा लांबलचक सरकता जिना चढून वर आले की एका बाजूला लष्कराचे वॉल्टर रीड रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजेच एनआयएच. १८८७ साली न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर एका खोलीच्या प्रयोगशाळेत तिची सुरुवात झाली. आज सत्तावीस संस्था आणि केंद्रे मिळून ती बनली आहे. वर्षाला सुमारे ४८ अब्ज डॉलर तिच्यातून वैद्यकीय संशोधनाला जातात आणि त्यांतला मोठा वाटा देशभरच्या विद्यापीठांत पोचतो. दहा नंबरची लालसर विटांची अवाढव्य इमारत म्हणजे केवळ संशोधनासाठी चालणारे जगातले सर्वांत मोठे रुग्णालय. इतर ठिकाणी उपाय संपलेले रुग्ण येथे येतात.

येथेच १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग यांनी जीवनाच्या सांकेतिक लिपीचे पहिले अक्षर वाचले. १९६८च्या नोबेल पारितोषिकात त्यांचे वाटेकरी होते हरगोविंद खुराना. मुलतानजवळच्या रायपूर या खेड्यात जन्मलेला पटवाऱ्याचा मुलगा, ज्याची पहिली शाळा झाडाखाली भरली. अमेरिकेला विज्ञानाचे आसन मिळाले ते अशा माणसांमुळे. ती कोठून आली, हे त्या देशाने तेव्हा फारसे विचारले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र परदेशातून एच-वन-बी व्हिसावर नवा माणूस आणणाऱ्या संस्थेने एक लाख डॉलर भरावेत, असा आदेश निघाला. खुरानांसाठी इतके पैसे कोणी भरले असते?

अमेरिकेत संशोधनाची थट्टा नवी नाही आणि ती एका पक्षाचीही नाही. १९७५ पासून विल्यम प्रॉक्समायर हे डेमोक्रॅटिक सिनेटर दर महिन्याला सरकारी पैशाच्या उधळपट्टीला एक उपहासाचे बक्षीस देत, त्यात बरेचदा संशोधक सापडत. ऐकायला प्रयोग खुळचट वाटतात खरे. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषाचा अभ्यास कोणाला हवा? पण न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जॉन इंग यांना १९९२ मध्ये त्याच विषात एक द्रव्य सापडले. त्यातून २००५ मध्ये मधुमेहाचे नवे औषध आले. त्या गटातली इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळू लागली आहेत. आपल्या मोहल्ल्यात साखरेच्या गोळ्या घेणारा माणूस नाही असे घर शोधून दाखवा, मग सरड्याला हसू.

आम्ही गेलो त्याच्या थोडे आधी, ९ जूनला, एनआयएचच्या तीनशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी आपल्या संचालकांना जाहीर पत्र लिहिले होते. अनुदाने राजकीय कारणांनी रद्द होत आहेत, अर्धवट थांबलेल्या चाचण्यांमुळे रुग्णांना धोका आहे, असे त्यात म्हटले होते. अनेकांनी भीतीपोटी नाव दिले नाही. संचालक जय भट्टाचार्य हे मूळचे कोलकात्याचे. कोरोनाच्या काळात सरकारी धोरणाविरुद्ध त्यांनी स्वतः ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा काढला होता. कर्मचाऱ्यांनी त्याच धर्तीवर आपल्या पत्राला नाव दिले, बेथेस्डा जाहीरनामा. वडील मुलाला म्हणतात, मोठा हो आणि माझ्यासारखा स्पष्ट बोल, आणि मुलगा पहिल्यांदा बोलतो ते वडिलांनाच.

भाचीच्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहतात. त्यांनी याच सरकारला मत दिले होते. बर्फ पडला की भाचीच्या दारातला बर्फही तेच काढतात. ते मला म्हणाले, "कोरोनात तज्ज्ञ आज एक सांगत, उद्या दुसरे. शाळा बंद ठेवल्या, माझ्या नातवाची दोन वर्षे गेली. चुकलो असे कोणी म्हणाले नाही. आणि हे जे औषध शोधतात, त्याचे बिल मला परवडत नाही." या माणसाला अडाणी म्हणून सोडून देता येणार नाही. विज्ञान ज्याच्या पैशाने चालते, त्याच्याशी विज्ञानाने बोलायला हवे होते. ती जागा रिकामी राहिली आणि तेथे दुसरेच कोणी येऊन बसले.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजसाठी आम्ही ड्युपाँ सर्कलला उतरलो. मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूवर भारतीय दूतावासासमोर गांधीजींचा पुतळा आहे. तेथून वकिलातींच्या रांगेतून चढण चढत गेले की इस्लामिक सेंटरचा मिनार दिसतो. इटालियन वास्तुरचनाकार मारिओ रॉसी यांचा आराखडा, तुर्कस्तानच्या फरश्या, इराणचे गालिचे, इजिप्तचे झुंबर. लक्षात राहते ती एक गोष्ट. मस्जिद रस्त्याला समांतर नाही, तिरकी उभी आहे, आणि किब्ला ईशान्येकडे आहे. सपाट नकाशावर पाहिले तर मक्का आग्नेयेला दिसते, म्हणून नवा माणूस गोंधळतो. पण पृथ्वी गोल आहे आणि गोलावरची सर्वांत जवळची वाट वॉशिंग्टनमधून ईशान्येला निघते. शाळेचा पृथ्वीगोल आणि दोरा घ्या, मुलांना लगेच पटेल. हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी यांनी गझनीचा किब्ला काढण्यासाठी हेच गणित मांडले होते. नमाजची दिशा चुकू नये, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्रिकोणमिती वाढवली. नकाशावर मार्कर फिरवून त्यांनी किब्ला सोयीचा करून घेतला नाही.

२८ जून १९५७ रोजी या केंद्राच्या उद्घाटनाला अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. वैद्यकापासून खगोलशास्त्रापर्यंत जग मुस्लिमांचे ऋणी आहे, अशा अर्थाचे ते बोलले. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिका हादरली. आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमध्ये वैज्ञानिक सल्लागार नेमला आणि पुढच्याच वर्षी नासा स्थापन झाली. आपण मागे पडलो, हे ऐकून घेण्याची त्या अमेरिकेची तयारी होती.

पाचव्या आसनावरचे आपण कसे उठलो, ते येथे आठवते. बगदाद मंगोलांनी १२५८ मध्ये बुडवले हे आपण नेहमी सांगतो, कारण त्यात दोष परक्याचा असतो. इस्तंबूलची गोष्ट कमी सांगतो. तेथे १५७७ मध्ये तकीउद्दीन या खगोलशास्त्रज्ञांची वेधशाळा उभी राहिली. त्याच काळात डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे यांची वेधशाळा सुरू झाली होती आणि दोघांची उपकरणे तोलामोलाची होती. त्याच वर्षी धूमकेतू दिसला. तकीउद्दीन यांनी तो सुलतानासाठी शुभ असल्याचे सांगितले, पण मागोमाग प्लेगची साथ आली. दरबारातल्या विरोधकांनी सुलतान मुराद तिसरा यांचे कान भरले आणि १५८० मध्ये वेधशाळा पाडण्यात आली. पाडणारे हात परक्यांचे नव्हते. ब्राहेंच्या नोंदींवरून पुढे केप्लर यांनी ग्रहांच्या गतीचे नियम काढले. इस्तंबूलला फक्त जागा उरली.

म्हणून २०२६च्या सरकारी अंदाजपत्रकात हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा खर्च बंद करण्याचा प्रस्ताव वाचला, तेव्हा मला हसू आले नाही. १९५८ पासून तेथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद होते आहे. एनआयएचच्या रकमेत सुमारे चाळीस टक्के कपातही त्याच प्रस्तावात होती. काँग्रेसने यांतली बरीचशी कपात पुढे फेटाळली, ही चांगली गोष्ट. इस्तंबूलमध्ये सुलतानाला नाही म्हणणारे कोणी नव्हते, येथे अजून आहे. पण गेलेली माणसे परत येतीलच असे नाही. भाची सध्या जर्मन शिकते आहे. घुमटावर जर्मनीचेही आसन आहेच.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेचे अमेरिका बघेल, आपल्याला काय? आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करत नाही, त्यामुळे दुसऱ्याला हिणवण्याचा आपल्याला अधिकार थोडाच. शिवाय तेथे बोललेले शब्द आता आपल्या घरात येतात. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अध्यक्षांनी गरोदर बायकांना टायलेनॉल घेऊ नका, कळ सोसा, असे सांगितले. टायलेनॉल म्हणजे आपले पॅरासिटामॉल. आठवडा उलटायच्या आत आमच्या गल्लीतल्या एका सुनेने, पाचवा महिना आणि अंगात ताप असताना, गोळी बाजूला ठेवली. मोबाइलवर तिने "अमेरिकेचा शोध" वाचला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावले की गरोदरपणात तापावर सल्ल्याने घेण्याचे हेच सुरक्षित औषध आहे आणि अंगात ताप ठेवणेच धोक्याचे. तेव्हा कुठे तिने ती घेतली.

गोवर अमेरिकेतून २००० साली हद्दपार झाल्याचे जाहीर झाले होते. २०२५ मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि टेक्सासमध्ये दोन मुले दगावली. त्या दिवसांत तेथील आरोग्यमंत्री लसीबद्दल कधी बरे, कधी संशयाचे बोलत आणि जीवनसत्त्व अ व माशाच्या तेलाचे गुण सांगत. आपल्याला हे परके नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने आपली मुले गेली, आणि लस टाळणारी घरे तेथेही होती. त्याआधी पोलिओच्या थेंबांबद्दलही काय काय अफवा पसरल्या होत्या. मस्जिदींतून इमामसाहेबांनी आवाहन केले, आशाताई दारोदार फिरल्या, तेव्हा २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आपल्याकडे अफवा गल्लीतून निघते आणि शहाणपण वरून सांगावे लागते. तेथे सध्या उलटे चालले आहे, एवढाच फरक.

घुमटावरचे पाचवे आसन आपल्याला परत मिळेल की नाही, ते अल्लाहला ठाऊक. तोवर घरातल्या लहानग्याचे लसीकरणाचे कार्ड काढून बघावे. नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा गोवराचा डोस राहिला असेल, तर या आठवड्यात देऊन यावे.